हप्ता सरकारचा, जबाबदारी आपली

भंडारा जिल्ह्यात पावसाळा लागला की धानाचे पऱ्हे टाकले जातात आणि पाऊस जमून आला की रोवणीची घाई सुरू होते. हे काम मुख्यतः स्त्रियांच्या हातांचे आहे. दिवसभर चिखलात वाकून रोप लावावे लागते. पऱ्हे जून झाले की उत्पन्न घटते, म्हणून लाखांदूरपासून तुमसरपर्यंत सर्वच शेतकऱ्यांना एकाच वेळी मजुरांची गरज भासते. अलीकडे याच दिवसांत धुऱ्यावर, चहाच्या टपरीवर आणि जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावरही एक वाद ऐकू येतो. एक जण म्हणतो, ‘सरकारने घरबसल्या पैसे देऊन माणसांना आळशी केले.’ दुसरा उत्तर देतो, ‘ज्याच्या घरी औषधाला पैसा नाही, त्याला जाऊन विचारा.’

वादाचे निमित्त सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्र शासनाने जून २०२४ च्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली. २१ ते ६५ वर्षे वयाच्या, अडीच लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील स्त्रियांच्या खात्यात दरमहा १५०० रुपये जमा होऊ लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. तीत सत्ताधारी महायुतीने २१०० रुपयांचे, तर विरोधी महाविकास आघाडीने ३००० रुपयांचे आश्वासन दिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरी बेघरांच्या निवाऱ्यासंबंधीच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने अशा मोफत लाभांमुळे लोक काम करण्यास राजी होत नाहीत आणि महाराष्ट्रात शेतीला मजूर मिळत नाहीत, अशी चिंता व्यक्त केली.

वाचकहो, कोणत्या पक्षाची रक्कम योग्य, याचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नाही. आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. गरजूचा हक्क, श्रमाची प्रतिष्ठा आणि कुटुंबाची जबाबदारी या तिन्हींविषयी इस्लामची शिकवण काय आहे आणि त्या शिकवणीच्या प्रकाशात आपल्या घरातला व्यवहार कसा दिसतो, याचा आपण विचार करू.

गरजूचा हक्क

पवित्र कुरआनने ईशपरायण लोकांचे वर्णन करताना त्यांच्या संपत्तीत याचकाचा आणि वंचिताचा वाटा सांगितला आहे (सूरह अज्-जारियात : १९). तेथे या वाट्याला उपकार म्हटलेले नाही, हक्क म्हटले आहे. सूरह अल्-हश्रमध्ये (आयत ७) संपत्ती केवळ श्रीमंतांमध्येच फिरत राहू नये, असा हेतू स्पष्ट केला आहे. म्हणून मदत घेणारा प्रत्येक जण ऐतखाऊ, असे सरसकट बोलणे श्रद्धावंताला शोभत नाही.

इमाम अबू यूसुफ यांनी ‘किताबुल खराज’ या ग्रंथात हजरत उमर (र.) यांच्या कारकिर्दीतील एक प्रसंग नोंदवला आहे. हजरत उमर (र.) यांना दारोदार मागणारा एक दृष्टिहीन वृद्ध दिसला. तो ज्यू होता. मागण्याची वेळ का आली, असे विचारल्यावर त्याने जिझिया कर, गरज आणि म्हातारपण ही कारणे सांगितली. हजरत उमर (र.) यांनी त्याला हाताला धरून स्वतःच्या घरी नेले आणि घरात होते ते दिले. मग बैतुलमालच्या अधिकाऱ्याला बोलावून त्याच्यासाठी व त्याच्यासारख्या इतरांसाठी तरतूद करण्यास सांगितले आणि त्यांच्यावरील कर माफ केला. माणसाच्या तारुण्यात त्याच्याकडून घ्यायचे आणि वार्धक्यात त्याला टाकून द्यायचे, हा न्याय नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. मदत देताना त्यांनी धर्म पाहिला नाही आणि वृद्धाला निंदेचा शब्दही ऐकवला नाही.

चुकलेला नियम आणि नम्र शासक

शासनाच्या मदतीचे नियम कुटुंबातल्या वागण्यावर परिणाम करतात, हेही त्या काळातच दिसून आले होते. हजरत उमर (र.) यांनी मुलांसाठी बैतुलमालमधून भत्ता सुरू केला, तेव्हा तो दूध सुटलेल्या मुलांनाच मिळत असे. एके रात्री मदीनेत उतरलेल्या व्यापारी काफिल्याची राखण करताना त्यांना एका बाळाचे रडणे पुन्हा पुन्हा ऐकू आले. त्यांनी आईला बाळाकडे लक्ष देण्यास सांगितले. तिने त्यांना ओळखले नव्हते. ती म्हणाली की मी याचे दूध तोडते आहे, कारण उमर दूध सुटल्याशिवाय मुलाला भत्ता देत नाहीत. बाळ अवघ्या काही महिन्यांचे होते. त्या दिवशी फजरच्या नमाजमध्ये हजरत उमर (र.) यांच्या रडण्यामुळे लोकांना त्यांचे पठण नीट ऐकू येईना. नंतर त्यांनी जाहीर करवले की मुलांचे दूध तोडण्याची घाई करू नका, यापुढे भत्ता जन्मापासून मिळेल.

या घटनेकडे बारकाईने पाहा. त्या मातेला त्यांनी लबाड ठरवले नाही आणि लोक गैरफायदा घेतात म्हणून भत्ताही बंद केला नाही. आपल्या नियमाचा दोष ओळखून त्यांनी नियम बदलला. आजच्या शासकांनीही आपली योजना घराघरांत जाऊन काय करते हे पाहावे आणि चूक आढळली तर दुरुस्त करण्यात कमीपणा मानू नये.

श्रमाची प्रतिष्ठा

आता दुसरी बाजू. सुनन अबू दाऊदमध्ये एका अन्सारी व्यक्तीची हकीकत आहे. तो प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मदत मागण्यासाठी आला. घरात काय आहे, असे प्रेषितांनी (स.) विचारले. अंथरायला-पांघरायला एक जाड वस्त्र आणि पाणी प्यायचे एक भांडे, एवढेच होते. प्रेषितांनी (स.) त्या दोन वस्तूंचा लिलाव केला. दोन दिरहम आले. एका दिरहमचे धान्य घरी द्यायला आणि दुसऱ्याचे कुऱ्हाडीचे पाते आणायला सांगितले. त्या कुऱ्हाडीला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला आणि लाकडे तोडून विकण्यास पाठवले. पंधरा दिवसांनी तो माणूस दहा दिरहम कमावून परतला. सर्वप्रथम घरच्यांच्या अन्नाची सोय झाली आणि मगच त्याला कामाला पाठवले गेले, हा क्रम विसरू नये. भुकेल्याला केवळ उपदेश केला गेला नाही आणि सशक्त माणसाला मागत राहू दिले नाही.

महाराष्ट्राला या मार्गाची ओळख आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकारातून आलेल्या रोजगार हमीला १९७७ च्या कायद्याने आधार दिला आणि काम मागणे हा ग्रामीण माणसाचा हक्क ठरला. तलावाचा गाळ काढताना किंवा रस्त्यावर माती टाकताना मिळालेल्या मजुरीने दुष्काळात अनेक घरे तगली.

म्हणून शेतकऱ्याची अडचण खोटी मानू नये आणि मजूर स्त्रीलाही आळशी ठरवू नये. १५०० रुपये म्हणजे दिवसाला ५० रुपये होतात. एवढ्या रकमेवर घर चालत नाही, हे प्रत्येक गृहिणी जाणते. एखादी स्त्री आज तापात रोवणीला जात नसेल किंवा पडत्या दरावर काम नाकारत असेल, तर कदाचित आयुष्यात प्रथमच तिला ‘नाही’ म्हणता आले असेल. मात्र अंगात बळ आणि हाताला काम असताना केवळ हप्त्याची वाट पाहत बसणे, ही निराळी गोष्ट आहे.

या दोहोंतला फरक दोन हदीसांवरून समजतो. हजरत हकीम बिन हिजाम (र.) यांनी तीन वेळा मागितले आणि तिन्ही वेळा प्रेषितांनी (स.) दिले. नंतर समजावले की लोभाने घेतलेल्या धनात बरकत नसते आणि देणारा हात घेणाऱ्या हातापेक्षा श्रेष्ठ असतो. त्यानंतर हकीम (र.) यांनी खलिफांनी देऊ केलेला हक्काचा वाटाही कधी घेतला नाही. दुसरीकडे, हजरत उमर (र.) स्वतःला मिळालेली रक्कम अधिक गरजूला द्यावी असे म्हणू लागले, तेव्हा जे न मागता आणि न हव्यास धरता मिळते ते घ्यावे, अशी शिकवण प्रेषितांनी (स.) त्यांना दिली. घेण्यात लाज नाही. मनाने त्यावर विसंबून राहण्यात धोका आहे.

ज्याचे ओझे त्याच्याच खांद्यावर

आता सर्वांत नाजूक मुद्द्याकडे वळू. जकातचा एक नियम आपण जाणता. स्वतःच्या आई-वडिलांना, मुलांना किंवा पत्नीला जकात देता येत नाही. याचे कारण त्यांचा उदरनिर्वाह आपल्यावर आधीच बंधनकारक आहे. त्यांना जकात देणे म्हणजे गरिबाच्या वाट्यातून आपलेच पैसे वाचवणे होय.

हा नियम डोळ्यांसमोर ठेवून आपल्या घरात डोकवा. समजा, एखादा मुलगा दरमहा आईच्या हातावर औषधासाठी हजार रुपये ठेवत होता. तिला श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन सुरू झाले आणि त्याने हात आखडता घेतला. ‘आता तुला सरकार देतेच ना, आई!’ एवढे म्हणून तो मोकळा झाला. मदत आईच्या नावावर आली, लाभ मात्र मुलाच्या खिशाला झाला आणि आई होती तेथेच राहिली. ज्या श्रावणबाळाचे नाव या योजनेला दिले आहे, तो आई-वडिलांना कावडीत बसवून खांद्यावर वाहणारा पुत्र म्हणून मराठी घराघरांत ओळखला जातो. शासनाने त्याचे नाव उचलले, म्हणून आपले खांदे मोकळे होत नाहीत. देशाच्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानेही मुलांवर पालनपोषणाची जबाबदारी टाकली आहे. परंतु आईला न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागावी, याहून मोठी नामुष्की कोणती?

हीच गोष्ट पतीची. कुरआनने पत्नी-मुलांचा खर्च ऐपतीप्रमाणे पुरुषावर सोपवला आहे (सूरह अल्-बकरा : २३३, सूरह अत्-तलाक : ७). हजरत हिंद (र.) यांनी पती अबू सुफियान पुरेसा खर्च देत नसल्याची तक्रार केली, तेव्हा स्वतःला व मुलांना रीतीप्रमाणे पुरेल इतके त्यांच्या मालातून घेण्याची परवानगी प्रेषितांनी (स.) दिली. पत्नीच्या नावावर आलेले पैसे तिचे आहेत. तिने ते स्वखुशीने संसाराला लावले तर ते पुण्य आहे. हजरत जैनब (र.) यांनी आपले पती अब्दुल्लाह बिन मसऊद (र.) यांच्यावर खर्च करण्याविषयी विचारले असता, त्यात दुहेरी पुण्य असल्याचे प्रेषितांनी (स.) सांगितले. पण हप्ता जमा होताच कार्ड काढून घेणारा किंवा किराण्याचे पैसे थांबवणारा पती आपल्या कर्तव्यात कसूर करतो. ज्यांच्या पोटापाण्याची जबाबदारी आपल्यावर आहे त्यांची हेळसांड करणे, हेच माणसाला पापी ठरण्यास पुरेसे आहे, असा इशारा हदीसमध्ये आला आहे.

आपण काय करावे?

प्रथम, पात्रता नसताना अर्ज करू नये. २०२५ च्या छाननीत लाडकी बहीण योजनेतील सुमारे २६ लाख नावे अपात्र आढळल्याचे शासनाने सांगितले. त्यातील प्रत्येकाने जाणूनबुजून फसवले असे म्हणता येणार नाही. पण खोटे उत्पन्न दाखवून घेतलेला पैसा हा सार्वजनिक अमानतीतील अपहार आहे आणि त्याचा हिशोब परलोकात द्यावा लागेल.

दुसरे, पात्र असूनही संकोचाने मागे राहणाऱ्या विधवा, अपंग आणि एकाकी वृद्धांचा शोध घ्यावा. जे मागत नाहीत म्हणून अजाण माणसाला सधन वाटतात, त्यांच्याकडे कुरआनने मुद्दाम लक्ष वेधले आहे (सूरह अल्-बकरा : २७३). ओट्यावर वाद घालण्यात जाणारा एक तास त्यांचा अर्ज भरण्यात घालवावा.

तिसरे, घरात कोणाला मदत सुरू झाली, तर त्या महिन्यात आपण देत असलेल्या रकमेतून एक रुपयाही कमी करू नये. आलेली मदत त्या व्यक्तीच्या सुखात भर म्हणून राहू द्यावी.

चौथे, मजुरी देणाऱ्यांनी घाम वाळण्यापूर्वी मजुरी देण्याची शिकवण पाळावी आणि दर ठरवताना दिवसभर चिखलात वाकलेल्या पाठीचा विचार करावा. मजुरी घेणाऱ्यांनीही ठरलेले काम प्रामाणिकपणे पुरे करावे.

सरकारे येतील आणि जातील. हप्ता कधी वाढेल, कधी थांबेल. आई-वडील, पत्नी आणि मुले यांच्याविषयी आपल्याला विचारला जाणारा प्रश्न मात्र कोणत्याही शासन निर्णयाने रद्द होणार नाही. अल्लाह आपल्याला हलाल कमाईची शक्ती, गरजूचा मान राखणारी दृष्टी आणि आपले ओझे आपणच उचलण्याची हिंमत देवो. आमीन.