काचतंतूंची मोटार आणि तिचा आकाशक

मोटारीच्या अंगावर उभी असलेली धातूची बारीक दांडी म्हणजेच रेडिओचा आकाशक, अशी सर्वसाधारण समजूत असते. व्यवहारात त्यालाच एरियल म्हणतात. वस्तुतः दांडी हे त्याचे एक अंग झाले. दांडीच्या तळाशी असलेले, विद्युत्वाहक असे विस्तृत धातुपृष्ठ हे दुसरे अंग, आणि या दोहोंना रेडिओशी जोडणारी केबल हे तिसरे. पोलादी पत्र्याच्या मोटारीत दुसरे अंग आपोआप लाभते. म्हणूनच त्याचा कोणी फारसा विचार करीत नाही. काही जुन्या क्रीडा-मोटारींत मात्र ते मुद्दाम निर्माण करावे लागते. शेव्हरोले कंपनीची कॉर्व्हेट हे याचे उत्तम उदाहरण होय.

१९५३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे पहिल्या ३०० कॉर्व्हेट तयार झाल्या. त्यांचे बाह्य कवच पोलादाचे नव्हते. ते काचतंतू व रेझीन यांच्या मिश्रणाचे, म्हणजे फायबरग्लासचे होते. या पदार्थातून रेडिओलहरी सहज आरपार जातात. त्याचा लाभ घेऊन अभियंत्यांनी आकाशक जाळीच्या रूपाने सामानाच्या कप्प्याच्या झाकणातच दडवला होता. पुढे १९५६ मध्ये गाडीचा आकार बदलला, तेव्हा ही युक्ती मागे पडली व मागील बाजूस दांडी आली. १९६३ ते १९६७ या काळातील ‘स्टिंग रे’ गाड्यांतही ती मागील डाव्या अंगावरच असे.

या कवचाचा गुण तोच त्याचा दोषही ठरतो. इंजिनातील ठिणग्यांमुळे निर्माण होणाऱ्या विद्युत्लहरी पोलादी बॉनेटमुळे बऱ्याच अंशी अडतात. फायबरग्लास त्यांना अडवीत नाही. त्यामुळे रेडिओ असलेल्या कॉर्व्हेटमध्ये डिस्ट्रिब्यूटर व प्लगच्या तारा यांवर धातूची आवरणे बसवलेली असत. दुरुस्तीच्या निमित्ताने ही आवरणे काढली जातात, परत बसवायची राहून जातात, आणि इंजिनाच्या गतीबरोबर वाढणाऱ्या खरखरीचा दोष मात्र आकाशकावर येतो. यास्तव नवा आकाशक विकत घेण्यापूर्वी जुन्याची परीक्षा करणे हेच शहाणपणाचे असते.

ही परीक्षा साध्या ओममापकाने होते. प्रथम केबलचा प्लग रेडिओतून काढून घ्यावा. प्लगची मधली पिन व दांडी यांमधील रोध जवळजवळ शून्य असला पाहिजे. मधली पिन व केबलचे बाह्य जाळीदार वेष्टन यांमध्ये मुळीच प्रवाह वाहता कामा नये. तिसरे मापन वेष्टन व गाडीची पोलादी चौकट यांमधील. येथेही रोध शून्याच्या जवळपास हवा. प्लग रेडिओत असताना वेष्टन रेडिओच्या धातूच्या पेटीमार्फत चौकटीला जोडले जाते, आणि दांडीच्या तळाशी असलेली जोडणी तुटलेली असली तरी ती तुटल्याचे कळत नाही. म्हणून प्लग काढूनच हे मापन करावयाचे. तिसऱ्या मापनात दोष आढळला, तर पुष्कळदा नवीन दांडीची गरजच उरत नाही. तळापासून चौकटीपर्यंत जाणारी धातूची पट्टी स्वच्छ करून घट्ट बसवली की काम भागते.

दांडी खरोखरच निकामी झाली असेल, तर बदलताना लांबीकडे लक्ष द्यावे. १०० मेगॅहर्ट्झ कंप्रतेच्या एफ.एम. लहरीची लांबी ३ मीटर असते. तिचा चौथा हिस्सा ७५ सेंटिमीटर, आणि मोटारीच्या दांडीची नेहमीची लांबी याच्या आसपासच असते. १००० किलोहर्ट्झच्या मध्यम लहरीची लांबी ३०० मीटर. तिचा चौथा हिस्सा कोणत्याही मोटारीवर मावणार नाही. अशा लहरींच्या बाबतीत दांडीला मिळणारा संकेत अतिशय क्षीण असतो, आणि केबलची विद्युत्धारिता जितकी अधिक तितका तो आणखी क्षीण होतो. म्हणूनच मोटारीची केबल आतून बरीचशी पोकळ असून तिची मधली तार अत्यंत बारीक असते. तिच्या जागी दूरचित्रवाणीची केबल वापरणे योग्य नव्हे.

प्रत्यक्ष कामास आरंभ करताना बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. १९६३ ते १९६७ च्या गाड्यांत पेट्रोलची टाकी मागील भागातच असल्याने ही दक्षता अनिवार्य आहे. जुन्या केबलच्या रेडिओकडील टोकास मजबूत दोरी बांधून मगच ती मागे ओढावी. तीच दोरी नव्या केबलला मूळ मार्गाने पुढे आणते. नवा तळ मूळच्याच छिद्रात बसेल असा निवडावा. छिद्र मोठे करणे किंवा नवे पाडणे सोपे असते, परंतु फायबरग्लासमधील छिद्र बुजवून मूळचा रंग जुळवणे अतिशय कठीण, आणि मूळ रूप हेच तर अशा गाडीचे मोल. तळाखाली रबराची चकती घालावी व नट बेताने आवळावा. पोलादी पत्रा दाबाने किंचित वाकतो. फायबरग्लासला तडा जातो. पट्टी जेथे चौकटीला मिळते तेथील रंग व गंज खरवडून धातू उघडा करावा, आणि जोड पक्का झाल्यावर त्यावर ग्रीसचा पातळ लेप द्यावा.

शेवटी रेडिओची जुळणी करावयाची असते. १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचे एखादे क्षीण केंद्र लावून, रेडिओवरील आकाशकासाठीचा लहान स्क्रू हळूहळू फिरवावा व आवाज सर्वाधिक होईल तेथे थांबावे. नवी केबल जुन्या केबलसारखीच दिसत असली, तरी तिची विद्युत्धारिता थोडी निराळी असते, आणि तो फरक या स्क्रूने भरून निघतो. ही पायरी गाळली, तर सर्व काम निर्दोष होऊनही दूरची केंद्रे ऐकू येत नाहीत. चकाकणारी दांडी बाहेरून दिसते. रेडिओचा आवाज मात्र खाली दडलेल्या त्या पट्टीवर आणि या लहानशा स्क्रूवर अवलंबून असतो.