नकाशा आधी भिंतीवरून खाली उतरव

अगं, सगळ्यात आधी एक काम कर. वर्गात लटकवलेला तो भारताचा नकाशा भिंतीवरून काढ आणि फरशीवर अंथर. तिसरी-चौथी दोन्ही वर्ग एकत्र, त्यात परिपाठ, पोषण आहाराच्या नोंदी, टाचण आणि वर केंद्रप्रमुख कधी येतील याचा नेम नाही. एवढ्यात भूगोल कुठे बसवू, असं तुला झालंय ना? बसतो गं. फक्त सुरुवात चुकीच्या टोकाकडून व्हायला नको.

बघ, भिंतीवरच्या नकाशात दिल्ली ‘वर’ असते आणि केरळ ‘खाली’. मोठ्यांना ते चालतं, आठ वर्षांच्या पोराला नाही. त्याच्या डोक्यात उत्तर म्हणजे वर, म्हणजे आभाळाकडे, असं बसतं. मग ते अगदी सरळ हिशोब करतं की पाणी वरून खाली येतं, म्हणजे सगळ्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात. आपल्या साताऱ्यात तर पंचाईत अशी की कृष्णा वाईपासून कराडकडे दक्षिणेलाच जाते, त्यामुळे त्याचा हिशोब बरोबरही निघतो! पुढे पश्चिमेला जाणारी तापी किंवा उत्तरेला यमुनेकडे जाणारी चंबळ आली की पोर गोंधळतं आणि आपण म्हणतो, लक्ष नसतं याचं. नकाशा जमिनीवर ठेवलास, त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडे केलीस, की निम्मं काम झालं. पोरं त्याच्याभोवती उभी राहून हात करून दाखवतात, ‘मुंबई त्या अंगाला, सोलापूर ह्या अंगाला.’

आता खरी उत्तर कुठली, हा प्रश्न. ‘उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा’ हे आपण सगळ्याच शिकलो आणि शिकवलं. खरं सांगू का, सूर्य नेमका पूर्वेला वर्षातून दोनदाच उगवतो, मार्चच्या आणि सप्टेंबरच्या २१ ते २३ तारखेच्या सुमाराला. आपल्याकडे डिसेंबरात तो पूर्वेपासून जवळजवळ २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडे. ढोबळ दिशा कळायला चालेल, नकाशा लावायला नाही. त्यापेक्षा मैदानात एक काठी सरळ रोव. दिवाळीनंतरचे दिवस याला उत्तम, ऊन स्वच्छ असतं. बारा ते एकच्या दरम्यान दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायला एकेका पोराची पाळी लाव. सगळ्यात आखूड सावली ज्या दिशेला पडते, ती उत्तर. ती बाराला नाही, सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान मिळेल, म्हणून घाबरू नकोस. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखावृत्तावर चालतं आणि तुझा माण तालुका त्याच्या बराच पश्चिमेला आहे. हे पोरांना सांगायची गरज नाही, पण तुला ठाऊक हवं, कारण एखादं आगाऊ पोर विचारतंच. ती रेघ मग चुन्यानं पक्की आखून टाक, वर्षभर पुरते.

नकाशा काढायला लावशील तेव्हा पोरं शाळेचं छप्पर, दार, खिडक्या समोरून काढतील. ओरडू नकोस. वरून बघितलेलं चित्र ही त्यांच्यासाठी नवीच गोष्ट आहे. जेवणाचा डबा फरशीवर ठेव, पोराला बाकावर उभं कर आणि जे दिसतंय तेच काढ म्हण. गोल निघाला की मग वर्ग, मग शाळेचं आवार, मग वाडी. प्रमाण शिकवायला फूटपट्टीच्या आधी पावलं वापर. वर्ग बारा पावलं भरला, तर वहीत बारा चौकोन. दोन पोरांची पावलं वेगळी भरतात, त्यावरून भांडण होतं, आणि त्या भांडणातच मीटर कशाला लागतो ते त्यांचं त्यांना कळतं. आणि तुला चित्र येत नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. माझा फळ्यावरचा महाराष्ट्र बघून एका पोरीनं ‘बाई, ही शेळी का?’ असं विचारलं होतं. तेव्हापासून मी पुठ्ठ्याचा कापलेला आराखडा ठेवते आणि कडेनं खडू फिरवते.

गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश ही साखळी मात्र घाईनं उरकू नकोस. पोरं पाढ्यासारखी म्हणतात, म्हणून कळलंय असं वाटतं. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं जिनिव्हाच्या मुलांशी अशाच गप्पा मारल्या होत्या. लहान मुलं म्हणायची, मी जिनिव्हाचा आहे, मग स्विस कसा असेन? आपली पोरंही तीच. ‘तू माणचा की साताऱ्याचा?’ विचार आणि बघ कशी विचारात पडतात. घरातून एकात एक बसणारे पाच डबे ने, प्रत्येकावर चिठ्ठी लाव आणि सगळ्यात आतल्या डब्यात पोराच्या नावाची चिठ्ठी ठेव. मोठ्या डब्याचं झाकण लावून विचार, आता हा कुठल्या कुठल्या डब्यात आहे? सगळ्यांत, हे उत्तर त्याच्या तोंडून आलं पाहिजे, तुझ्या नाही.

तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं असतं, ही आपल्यावर मोठी मेहेरबानी आहे. साताऱ्यासारखा जिल्हा मिळालाय तुला! महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात तुझ्या माणला कसाबसा पाचशेच्या आसपास. टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभं राहिलेल्या पोराला ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ हा शब्द पाठ करायला लावण्याआधी कारण दाखव. मैदानात ओल्या मातीचा लांब बांध घाल, तो सह्याद्री. पश्चिमेकडून फवाऱ्यानं पाणी मार. घाट भिजतो, पलीकडची माती कोरडी. खरी गंमत हवेच्या वर चढण्यात, थंड होण्यात आणि पलीकडे उतरताना तापण्यात आहे, पण ते वरच्या वर्गात येईल. आत्ता एवढं कळलं तरी पुष्कळ. मग त्याच बांधाच्या माथ्यावर तांब्यानं पाणी ओत. एक ओघळ पश्चिमेला गेला, ती सावित्री, महाडवरून अरबी समुद्रात. दुसरा पूर्वेला, ती कृष्णा. दोघींचा उगम महाबळेश्वरचाच, पण कृष्णा कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून सुमारे १,४०० किलोमीटरवर बंगालच्या उपसागराला मिळते. समुद्र इतका जवळ असताना ती उलटी का गेली, हा प्रश्न मातीच्या बांधाशी बसूनच पडतो, पुस्तकात डोकं घालून नाही.

पालक विचारतील, ‘बाई, छत्तीस जिल्हे पाठ झाले का?’ करून घे की! पाठांतराशी माझं वैर नाही. चालीवर म्हणवून घे, आठवड्यात होतात. फक्त त्यालाच भूगोल समजू नकोस, आणि पाहुणे आले की पोरांना उभं करून तेवढंच म्हणायला लावू नकोस.

राहिला भारत. त्यासाठी तुझ्या पोरांच्या घरातच खजिना आहे. आपल्याकडची कितीतरी माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलीत, कुणी मुंबईत कामाला, कुणाचा मामा फौजेत. ‘घरचं कोण कुठं आहे’ ते विचारून यायला सांग. फरशीवरच्या नकाशात आपल्या गावापासून त्या गावापर्यंत लोकरीचा धागा लाव. कोइमतूर हे नाव तुझ्या तोंडून ऐकताना पोर जांभई देईल, पण तिथे त्याचा काका असेल तर तो किती दिवसांचा प्रवास, तिथे काय बोलतात, काय खातात, हे तेच तुला सांगेल. ज्याच्या घरचं कुणीच बाहेर नाही, त्याला आधीच बाजूला घेऊन सांग की तू आपल्या गावाचा खुंटा सांभाळायचा, सगळे धागे तुझ्या हातातून सुटणार. नाहीतर ते हिरमुसतं. आणि धागे चिकटपट्टीनं लाव गं, टाचण्यांनी नको, पोरं अनवाणी असतात.