मैदानाला वाफसा येऊ दे

चि. भाचीस,


मंडळाच्या लहान मुलांच्या फुटबॉल संघाबरोबर मैदानाची जबाबदारीही तुझ्याकडे आली, याचा फार आनंद झाला. साचलेल्या पाण्यावर मुरूम टाकून रोलर फिरवावा, असं बैठकीत ठरत आलंय म्हणतेस. ते काही दिवस थांबव. पाणी साचण्याचं मोठं कारण दाबली गेलेली माती हेच असतं, आणि रोलर तीच आणखी दाबतो. पावसाला जोर आला की जिथे डबकं होतं तिथेच, पाऊस थांबल्यावर दोनेक तासांनी, कुदळीनं हातभर खोल खड्डा घे. वरची चार बोटं चिखल आणि खाली कोरडी, घट्ट माती लागली, तर पाणी वरच अडलंय. खड्डा खालून भरू लागला, तर दुखणं वेगळं आहे, भूजलच वर आलंय. भर पावसात कडेनं एक फेरीही मार. शंभर मीटर लांब आणि 64 मीटर रुंद मैदानावर 10 मिलिमीटर पाऊस पडला तरी 64 हजार लिटर पाणी होतं. त्यात रस्त्याचं आणि शेजारच्या पत्र्यांचं पाणी येऊन मिळत असेल, तर आधी ते चढाच्या बाजूला चर मारून वळवायला हवं. हे काम मंडळातली मोठी पोरं स्वतः करतील. मात्र चर रेषेपासून चांगला लांब असू दे आणि त्यावर जाळी टाका. धावत्या मुलाचा पाय त्यात जाता कामा नये.

पंचगंगेच्या खोऱ्यातली काळी माती पहिल्या पावसात भेगांतून भराभर पाणी पिते, मग फुगते आणि भेगा मिटतात. त्यानंतर तासाला एखादा मिलिमीटर पाणी मुरलं तरी खूप. म्हणून अशा मैदानावर पाणी मुरण्यापेक्षा वाहून जायला हवं. मधला कणा उंच ठेवून दोन्हीकडे मीटरला एक सेंटिमीटर उतार दिला, तर मध्य कडेपेक्षा 32 सेंटिमीटर वर येतो, आणि खेळताना तो जाणवतही नाही. पण गोलपुढची माती रोजच्या बुटांनी खचली की तिथे बशी तयार होते आणि उतार निकामी होतो. माती सर्वांत जास्त दाबली जाते ती ओली असताना. वाफसा नसताना शेतकरी रानात औत घालत नाही, आणि आपण त्याच मातीवर बावीस मुलं उतरवतो. ओल्यात खेळलेला एक सामना पुढचे कितीतरी सराव बुडवतो, म्हणून माझा पहिला आग्रह खर्चाचा नाही, नियमाचा आहे. टाचेच्या ठशात पाणी उमटलं, तर त्या दिवशी मैदान बंद. निर्णय एकाच माणसाचा असावा, आणि तो सामन्याच्या दडपणाखाली नसावा.

कुणी म्हणेल, वाळू मिसळा. हिशेब मांडून दाखव. वरचा फक्त 10 सेंटिमीटर थर म्हणजे 640 घनमीटर माती. ती खरोखर निचऱ्याची व्हायची तर त्यात जवळजवळ चार पंचमांश वाळू हवी, म्हणजे सुमारे 180 ब्रास. पाच-दहा ब्रास वाळू टाकली, तर कणांमधल्या पोकळ्या चिकणमातीनं भरतात आणि थर उलट कडक होतो. तेवढीच वाळू गोलपुढे पहारीनं वीतभर खोल भोकं पाडून त्यांत भरली, तर जास्त उपयोगी पडेल. तेही वाफशावर करायचं आणि दर वर्षी करायचं. छिद्रांचे पाइप पुरायचे असतील, तर चर खडीनं आणि तिच्यावर जाड वाळूनं अगदी पृष्ठभागापर्यंत भरायला हवा. निघालेलीच काळी माती वर लोटली, तर पाणी पाइपापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय ज्या नाल्यात पाइप सोडायचा, तो नालाच पुराच्या दिवसांत तुडुंब असेल, तर पाइप लाख चांगला असून उपयोग काय? कृत्रिम टर्फचा आग्रह धरणाऱ्यांना सांग, त्याच्याही खाली उताराचा खडीथर आणि निचरा लागतोच, उन्हाळ्यात ते तापतं, आणि आठ-दहा वर्षांनी बदलावं लागतं.

खरा आक्षेप पालकांचा असेल, आणि तो मला रास्त वाटतो. आपल्याच शहरातला अनिकेत जाधव 2017 मध्ये 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. ज्या मुलांसमोर हे उदाहरण आहे, त्यांना पावसाळाभर घरी बसा म्हणता येणार नाही. पण मैदान बंद म्हणजे सराव बंद नव्हे. शाळेच्या फरसबंद अंगणात पाच-पाच जणांचा खेळ घे. तिथे चेंडू पायाशी ठेवण्याचं आणि जवळचे पास देण्याचं शिक्षण उलट जास्त होतं. मात्र तिथे घसरून पडण्याचे सराव नकोत, आणि शेवाळ धरलं असेल तर तेही अंगण बंद. इथला मोठा हंगाम पावसाळा सरल्यावरच रंगतो. तेव्हा ओबडधोबड सुकलेल्या खाचांवर घोटे मुरगळून घेण्यापेक्षा मुलांना सपाट जमीन मिळालेली बरी. उघडीप मिळाली तरी गोलखांब थोडे सरकवत जा, म्हणजे एकाच तुकड्याला रोजचा मार बसणार नाही.

खड्ड्यात काय दिसलं ते सविस्तर लिही. मैदानाच्या चारी कोपऱ्यांची आणि मध्याची उंची पाण्याच्या नळीनं मोजून आकडे पाठव. चराचा उतार आपण दोघं मिळून काढू, आणि मग बैठकीत मुरुमाऐवजी काय मागायचं ते ठरवू.

तुझा,
मामा