कुसळी गवताची ओळख

दिवाळीनंतर डोंगर तुडवून आलेल्या माणसाच्या कपड्यांत जी टोकदार कुसळे रुततात, ती पुष्कळदा कुसळी गवताची असतात. महाराष्ट्रातील माळांवर व डोंगरउतारांवर वाढणारे हे देशी, बहुवर्षायू गवत. त्याचे शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. यातील दुसऱ्या पदाचा अर्थ ‘पीळ पडलेले’ असा असून ते लिनिअस यांनी १७५३ मध्ये योजिले.

गवत ओळखताना मुलांना आम्ही प्रथम बुंधा पाहावयास सांगतो. वर्षायू गवत सहज उपटून हाती येते. कुसळीचा ठोंब मात्र जमीन घट्ट धरून असतो आणि त्यात गतवर्षीच्या काड्यांचे खुंट दिसतात. बुडाशी पाने चपटी, दुमडल्यासारखी असतात. मग तुरा पाहावा. तो साधारण बोटाएवढा असतो. त्याच्या खालच्या भागाला कुसळे नसतात. वरच्या भागातून सहा ते दहा सेंटिमीटर लांबीची गडद तपकिरी कुसळे निघतात. पक्व झाल्यावर ती एकमेकांत गुंतून शेंड्याला दोरीसारखा पीळ पडतो. हीच मुख्य खूण. कुसळ तीन फाट्यांचे असेल, तर ते अॅरिस्टिडा नावाचे वेगळे गवत समजावे.

हा पीळ निरर्थक नाही. ओलाव्याने तो उलगडतो, उन्हात वाळताच पुन्हा पडतो. या फिरण्यामुळे दाण्याचे अणकुचीदार टोक मातीत शिरते आणि टोकावरील मागे वळलेले केस त्याला परत फिरू देत नाहीत. मेंढीच्या लोकरीतून ते कातडीत शिरते, तेही याच कारणाने.

या त्रासामुळे अनेक ठिकाणी डोंगराला काडी लावली जाते. परंतु आगीने ठोंब सहसा मरत नाही आणि मातीत शिरलेले दाणेही तगून राहतात. दाबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारतातील गवताळ प्रदेशांचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्या भागातील मूळच्या उत्तम कुरणांत मारवेल, पवन्या अशी सकस गवते प्रमुख असतात. अतिचराई व वारंवार जाळणे यांमुळे ती हटतात आणि कुसळी माजते. ऱ्हास अधिक वाढला की अॅरिस्टिडा येते. म्हणजे डोंगरावर कोणते गवत अधिक आहे, यावरून त्या डोंगराची प्रकृती समजते.

कोवळी कुसळी गुरे आवडीने खातात. म्हणून फुलोरा येताच, कुसळे कडक होण्यापूर्वी तिची कापणी करावी. त्यामुळे चारा मिळतो, दाणा पडत नाही आणि आग लावण्याचे कारणही उरत नाही. ज्या डोंगराला आपण ‘पडीक’ म्हणतो, त्यावरील गवतांची नावे पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मुलांना सांगावीत, अशी आमची विनंती आहे. नावानिशी ओळखलेले कुरण जाळावयास हात सहसा धजत नाही.