भांडारातील रक्ताचे मोल

शास्त्रपाठ : मत्तय २७:३-१०, प्रेषितांची कृत्ये १६:१६-२४

यहूदाने ते तीस रुपये मंदिरात फेकून दिले, तेव्हा मुख्य याजक पेचात पडले. माणसाच्या रक्तासाठी दिलेला पैसा भांडारात घ्यावा कसा? संडेस्कूलमध्ये हा भाग शिकवताना आपण बहुधा यहूदाच्या पश्चात्तापावर थांबतो आणि याजकांकडे फारसे पाहत नाही. पण हा पैसा आला कोठून? त्यांनीच तो मोजून दिला होता. देताना त्यांचे मन कचरले नाही. परत आला तेव्हा मात्र नियमशास्त्र आठवले. मग त्यातून त्यांनी परक्यांना पुरण्यासाठी कुंभाराचे शेत घेतले, म्हणजे एक धर्मादाय कामच केले.

हा भाग या महिन्यात हिंदुस्थानातील ब्रिटिश अमलाच्या एका पानाशेजारी ठेवून वाचावा, असे आम्ही सुचवितो. ते पान अफूचे आहे. ब्रिटिश राज्याची गोष्ट निघाली की आपल्या मंडळ्यांत कोणी म्हणतो, साहेबाने रेल्वे, शाळा, दवाखाने आणले, पवित्र शास्त्र आणले. दुसरा कोणी खाली मान घालून गप्प बसतो, कारण शेजारी त्याला साहेबाच्या धर्माचा म्हणतात. अफूचे पान दोघांपैकी एकानेही वाचलेले नसते.

१७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगाल-बिहारमधील अफूचा मक्ता कंपनीच्या हाती घेतला. पुढे व्यवस्था अशी बसली : शेतकऱ्याने सरकारी परवान्यावर व सरकारी उचलीवर खसखस पेरायची, बोंडांना चिरा देऊन चीक गोळा करायचा आणि सगळाच्या सगळा चीक सरकारने ठरविलेल्या भावाने सरकारी गुदामात घालायचा. पाटणा व गाझीपूर येथे तो पेट्यांत भरला जाई आणि कलकत्त्यास त्याचा लिलाव होई. एकदा उचल घेतलेला शेतकरी त्यातून सहजी सुटत नसे. चीनच्या बादशहाने या मालाला बंदी केली होती, म्हणून कंपनी आपल्या जहाजांवर तो चढवीत नसे. लिलावात घेणारे खासगी व्यापारी तो चोरून उतरवीत. कंपनीचे हात स्वच्छ राहत आणि भांडार भरत असे. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायाची आठवण आम्हांला येथेच होते.

इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेरकडच्या वाचकांना पुढचा भाग अधिक जवळचा वाटेल. माळव्यात जमीन होळकर, शिंदे व इतर संस्थानिकांची होती, तेथे कंपनीचा मक्ता चालेना. माळव्याची अफू राजपुतान्यातून कराचीला आणि तेथून पोर्तुगीजांच्या दमणला जाऊन चीनकडे निघे. कंपनीने आधी ती अडवून पाहिली, विकत घेऊन पाहिली. शेवटी १८३० च्या सुमारास पेटीमागे १७५ रुपये घेऊन मुंबईहून नेण्याचे परवाने देऊ लागली. १८४३ मध्ये सिंध प्रांत ब्रिटिशांनी जिंकला आणि दुसरी वाट बंद झाली. मग पेटीचा दर वाढत वाढत पुढे सहाशेच्याही वर गेला. पेटीत सुमारे चौसष्ट किलो माल असे. इंदुरात सरकारी काट्यावर पेट्या तोलल्या जात व मुंबईकडे रवाना होत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, चांगल्या वर्षी, सरकारच्या एकूण उत्पन्नाचा सुमारे सातवा हिस्सा अफूचा असे. ज्या रस्त्यांची व कचेऱ्यांची आपण वाखाणणी करतो, त्यांत हा पैसा नव्हता असे कोण म्हणेल?

आता समुद्रापलीकडे पाहू. १८०० च्या सुमारास चीनमध्ये वर्षाला चारपाच हजार पेट्या जात. १८३८ पर्यंत त्या चाळीस हजारांच्या घरात गेल्या. शिपाई, अंमलदार, हमाल, सगळ्यांना व्यसन जडले आणि देशातील चांदी बाहेर वाहू लागली. १८३९ मध्ये बादशहाने लिन त्सेशू नावाच्या अधिकाऱ्यास कँटनला पाठविले. त्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांवर पेट्या ताब्यात घेऊन चुना व मिठाच्या पाण्यात कालवून समुद्रात सोडून दिल्या. राणी व्हिक्टोरियाच्या नावाने त्याने एक पत्रही लिहिले. जो माल विकल्याने दुसऱ्याची माणसे मरतात तो तुम्ही पाठविता कसा, असा त्याचा रोख होता. ते पत्र राणीपर्यंत पोहोचले नाही. उत्तर म्हणून आरमार आले, आणि त्यात हिंदी पलटणीही होत्या. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग गेले, पाच बंदरे उघडली आणि दोन कोटी दहा लाख रौप्य डॉलरांचा दंड बसला. त्यांपैकी साठ लाख त्या बुडविलेल्या अफूची भरपाई होती. बंदी घातलेल्या मालाची किंमत बंदी घालणाऱ्यानेच भरायची!

यानंतरची गोष्ट शिक्षकांनी टाळू नये. दुसऱ्या युद्धात १८५८ साली तिएन्त्सिनचा तह झाला. त्याने मिशनऱ्यांना चीनच्या आतल्या मुलखात सुवार्ता सांगण्याची मोकळीक मिळाली. त्याच वर्षी जकातीच्या करारात अफूला कायदेशीर मालाचे स्थान मिळाले. एकाच वर्षी, एकाच तोफेने दोन्ही दारे उघडली. चिनी माणसाने या दोन वस्तू वेगळ्या कशा ओळखाव्यात? त्याआधी, १८३२ मध्ये, कार्ल गुट्झलाफ हा मिशनरी जार्डीनच्या अफूच्या जहाजावर दुभाषी म्हणून गेला होता. त्याच्याजवळ वाटायला शुभवर्तमाने व पत्रके होती. तो ढोंगी नव्हता. चिनी लोकांवर त्याचे प्रेम होते. पण जहाज कोणाचे आणि खाली तळघरात काय भरले आहे, हे त्याला ठाऊक होते. फिलिप्पै येथे त्या दासीच्या अंगातील भूत काढताना, तिच्या धन्यांची कमाई बुडते याची पौलाने पर्वा केली नाही आणि त्यासाठी फटके खाल्ले. गुट्झलाफने धन्यांचेच जहाज पत्करले.

सगळेच मिशनरी असे नव्हते, हेही तितकेच खरे. चीनमध्ये अफूबाजांसाठी दवाखाने त्यांनीच काढले. इंग्लंडात १८७४ मध्ये क्वेकर मंडळींनी या व्यापाराविरुद्ध संस्था उभारली. १८९१ मध्ये पार्लमेंटात हा व्यापार नीतीला धरून नाही या मताला बहुमतही मिळाले, पण हिंदुस्थानच्या तिजोरीचे नुकसान कोणी भरायचे या प्रश्नावर गाडे अडले. मग नेमलेल्या रॉयल कमिशनने १८९५ मध्ये अफूची बहुतांशी बाजूच घेतली. याजकांचा पेच तिजोरीच्या हिशेबाने सुटला म्हणायचा.

हा सगळा दोष गोऱ्यांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ, तर तेही खरे नाही. संस्थानिकांना सारा मिळत होता, माळव्याच्या सावकारांना व्याज मिळत होते. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई जार्डीनचे भागीदार होते व अफूच्या व्यापारात त्यांनी मोठा पैसा मिळविला. त्यांच्याच देणगीने १८४५ मध्ये उघडलेल्या रुग्णालयात आजपर्यंत असंख्य गरिबांनी उपचार घेतले. कुंभाराचे शेतही परक्यांच्या उपयोगी पडलेच. उलट १८८१ मध्ये वीस वर्षांच्या रवींद्रनाथ ठाकुरांनी चीनमधील या मरणाच्या व्यापारावर बंगालीत कडक लेख लिहिला. ज्याला पाहायचे होते त्याला दिसत होते.

वर्गात सांगण्यासाठी आम्ही शी शेंगमो यांची गोष्ट निवडू. शान्सी प्रांतातील हे विद्वान गृहस्थ अफूने पार खंगले होते. १८७९ मध्ये ते प्रभूकडे आले व मोठ्या झगड्यानंतर व्यसनातून सुटले. पुढे पाळक होऊन त्यांनी गावोगावी अफूबाजांसाठी आश्रयगृहे काढली. औषधाच्या गोळ्या ते स्वतः बनवीत. सुवार्तेला अफूच्या जहाजापासून वेगळे करण्याचे काम एका चिनी माणसाने केले. मोठ्या मुलांकडून नकाशावर इंदूर, मुंबई, कँटन व शान्सी ही ठिकाणे जोडून घ्यावीत. गोष्ट त्यांच्या ध्यानात राहील.

१९०७ मध्ये ब्रिटन व चीन यांच्यात दरवर्षी एक दशांश अफू कमी करण्याचा करार झाला आणि १९१३ मध्ये हिंदुस्थानातून चीनला जाणारी अफू थांबली. हाँगकाँग व सिंगापुरात मात्र सरकारी मक्त्याची अफू चालूच राहिली. हिंदुस्थानने पूर्वेकडे ओढण्याची अफू पाठविणे बंद केले ते १९३५ अखेर, आणि त्या दोन वसाहतींतील मक्ता उठविण्याचे ब्रिटनने जाहीर केले ते १९४३ मध्ये. तेव्हा ती दोन्ही बेटे जपानच्या ताब्यात होती.