दुखणे सांध्यांचे, जखम पोटात

संधिवात, मधुमेह, हृदयविकार असे कायमचे दुखणे असलेल्या माणसाच्या पोटात जळजळ सुरू झाली की आपल्या इंदूरच्या घरांत पहिला ठपका पोह्यांवरच्या शेवेवर आणि जीरावन मसाल्यावर येतो, नाहीतर सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाण्यावर. मग जेवणात नुसता वरणभात आणि रात्री थंड दूध. तिखटाने जळजळ वाढते हे खरे, पण तिखटाने अल्सर होत नाही. दुधाने घटकाभर बरे वाटते आणि नंतर आम्ल पुन्हा वाढते.

अल्सर म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या अस्तराला पडलेली जखम. तिची मुख्य कारणे दोन. एक हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू, ज्याच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना २००५ साली नोबेल मिळाले. त्याची तपासणी श्वासावरून, शौचावरून किंवा दुर्बिणीतून होते आणि साधारण चौदा दिवसांच्या औषधांनी तो बहुतेकांचा जातो. तपासणीआधी दोन आठवडे ॲसिडिटीची गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर जिवाणू असूनही अहवाल चुकीने निर्दोष येऊ शकतो. ती बंद ठेवता येईल का हे मात्र आधी डॉक्टरांनाच विचारा.

दुसरे कारण वेदनाशामक गोळ्या, आणि माझी खरी काळजी तीच आहे. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन, ॲस्पिरिन ही सगळी एकाच कुळातली औषधे. जठराच्या अस्तराचे रक्षण प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये करतात. दुखणे कमी करताना ही औषधे त्याच द्रव्यांची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. हा परिणाम रक्तातून होतो. म्हणून गोळी जेवणावर घेतली, वेष्टनाची घेतली किंवा तिच्याऐवजी इंजेक्शन घेतले, तरी अल्सरचा धोका टळत नाही. ‘मी तर कधीच उपाशीपोटी घेत नाही’ असे सांगणारे रुग्ण म्हणूनच सुरक्षित नसतात.

धोका सर्वांत वाढतो तो औषधे एकत्र आल्यावर. गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक दिलेले असते, हृदयाच्या डॉक्टरांनी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, आणि सूज उतरावी म्हणून मधूनच आणखी कोणी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. तिघांचेही आपापल्या जागी बरोबर असते, पण तीन चिठ्ठ्या एका टेबलावर कोणीच ठेवलेल्या नसतात. त्यात कंबर धरली म्हणून मेडिकलमधून चार गोळ्या येतात. नाव वेगळे, आत तेच औषध. पाकिटावर कंपनीने दिलेल्या नावाखेरीज औषधाचे मूळ नावही असते, ते वाचायची सवय घरातल्या एखाद्या तरुणाने लावून घ्यावी. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांपासून तर दूरच राहा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते आणि आराम पडतो तो त्याचाच.

याचा अर्थ घाबरून सगळे बंद करावे असा नाही. स्टेंट बसवलेल्याने ॲस्पिरिन स्वतःहून सोडले तर हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड एकदम थांबवले तर रक्तदाब कोसळू शकतो. औषध थांबवणे जसे घातक, तसेच चुकून जास्त घेणेही. संधिवाताची मेथोट्रेक्सेट गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि जीवावर बेतते. तिचा वार कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांना आपण सरसकट गॅसची गोळी म्हणतो. त्या आम्ल कमी करतात, अल्सर भरून आणतात आणि ज्यांना वेदनाशामक सोडता येत नाही त्यांचे रक्षणही करतात. न्याहारीच्या अर्धा तास आधी घेतल्या तर त्यांचा पुरता उपयोग होतो. गरज असेल तर त्या वर्षभर घ्यायलाही भिऊ नका. गरज नसताना वर्षानुवर्षे मात्र नको, कारण त्यामुळे बी-१२ कमी होऊ शकते, आणि जोडीला मधुमेहाची मेटफॉर्मिन असेल तर अधिकच. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल टाळावे, पँटोप्राझोल चालते. ज्या कॅप्सूलमध्ये डोम्पेरिडोनही असते ती महिनोन्‌महिने घेऊ नये, विशेषतः हृदयरोग्यांनी.

दुखण्यासाठी आधी पॅरासिटामोल पुरते का ते पाहा, तेही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, कारण जास्त झाल्यास यकृताला इजा होते. तंबाखू आणि बिडी-सिगारेट सोडा. धूम्रपानाने जखम भरायला वेळ लागतो.

वयस्कर माणसांना अल्सर होऊनही कित्येकदा पोट दुखत नाही. नुसता थकवा, जिना चढताना दम आणि उतरलेले हिमोग्लोबिन एवढेच दिसते. अशा वेळी ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण डांबरासारखे चिकट, उग्र वासाचे काळे शौच, कॉफीच्या चुऱ्यासारखी किंवा रक्ताची उलटी, पोटात एकाएकी सुरी खुपसल्यासारखी कळ किंवा उभे राहताना घेरी आली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले तरी एमवाय रुग्णालयाच्या किंवा घराजवळच्या मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जा, आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्या.