जपानी बौद्ध परंपरेतील चहा आणि ऋतुचक्र

आपल्याकडे चहा बारमाही एकच. वैशाखातही तोच आणि माघातही तोच; दूध, साखर, आले आणि उकळी. पावसाळ्यात फार तर गवती चहाची दोन पाती जास्त पडतात. त्यामुळे जपानमध्ये ऋतू बदलला की चहाची पत्ती, पाण्याची ऊब, पेला आणि शेगडीची जागासुद्धा बदलते, हे ऐकून प्रथम नवल वाटते. परंतु ही परंपरा ज्या भिक्खूंनी रुजविली त्यांच्याकडे पाहिले म्हणजे यामागील विचार ध्यानात येतो. समोर बसलेल्या माणसाच्या देहाला या घटकेला काय हवे आहे, ते ओळखून चहा करावयाचा, असा तो विचार आहे.

इ.स. ११९१ मध्ये एइसाई हे भिक्खू चीनमधून झेन मताचे शिक्षण घेऊन मायदेशी परतले. येताना त्यांनी चहाचे बी आणले, असे परंपरा सांगते. चहा जपानला त्याआधीही ठाऊक होता, पण त्याची चाल मागे पडली होती. एइसाईंनी १२११ साली 'किस्सा योजोकी' हा ग्रंथ लिहून चहा हे औषध म्हणून लोकांपुढे ठेवले. हृदयाला कडू रस हवा असतो आणि आपल्या लोकांच्या जेवणात नेमका तोच नसतो, असे त्यांचे म्हणणे होते. विहारांतून ध्यानाला बसणाऱ्यांना झोप आवरण्यासाठीही चहाचा उपयोग होई. त्यांनी काही बी क्योतोजवळील कोझान्-जी विहारातील म्योए या भिक्खूंना दिले, आणि तेथून ही लागवड उजी गावाकडे गेली, असे मानतात. उजीचा चहा आजही नामांकित आहे.

जपानी पंचांगात वसंताचा आरंभ ४ फेब्रुवारीच्या सुमारास धरतात. त्या दिवसापासून अठ्ठ्याऐंशीवी रात्र मोजली की मे महिन्याची १ किंवा २ तारीख येते. हा पहिल्या खुडणीचा मुहूर्त. या नव्या पत्तीला 'शिन्चा' म्हणतात आणि या दिवशीचा चहा प्याल्याने वर्षभर आरोग्य राहते, अशी लोकांची समजूत आहे. समजुतीचा भाग सोडला तरी पहिल्या खुडणीची गोडी खरी आहे. हिवाळाभर विसावलेल्या झुडपाने साठविलेले सत्त्व कोवळ्या पानात उतरते. त्यातील थिआनिन या घटकामुळे चहाला गोडसर चव येते. पानावर ऊन पडत राहिले की या थिआनिनचे रूपांतर तुरट द्रव्यात होऊ लागते. म्हणूनच 'ग्योकुरो' नावाच्या उंची चहाची झुडपे खुडणीआधी सुमारे वीस दिवस सावलीत झाकून ठेवतात. जून-जुलैतील दुसरी खुडणी अधिक तुरट लागते. जून पानांचा 'बान्चा' हा रोजच्या घरगुती वापराचा साधा चहा.

पाने खुडल्यावर लगेच वाफवतात, म्हणून त्यांचा हिरवा रंग टिकतो. वाफवून, मळून वाळविण्याची सुधारलेली रीत १७३८ मध्ये नागातानी सोएन यांनी बसविली. आजचा 'सेन्चा' तो हाच. पुढे व्यापारी निरनिराळ्या मळ्यांची पत्ती एकत्र करतात. एकीचा सुवास, दुसरीचा रंग, तिसरीची गोडी. हे मिश्रण साधणे हीच चहावाल्याची खरी विद्या. सेन्चाला उकळते पाणी चालत नाही, सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत निवू द्यावे लागते. आपल्या गृहिणींना हे पटणे अवघडच!

उन्हाळ्यात हीच पत्ती थंड पाण्यात भिजत घालतात. थंड पाण्यात गोडी उतरते, तुरटपणा व कॅफिन कमी उतरते. घरोघरी मात्र 'मुगिचा' असतो. तो म्हणजे भाजलेल्या सातूचे पाणी; त्यात चहाचे पानही नसते.

चहाविधीत हा ऋतुविचार अधिक बारकाईने दिसतो. मे ते ऑक्टोबर शेगडी जमिनीवर, पाहुण्यापासून दूर ठेवतात, म्हणजे तिची धग त्याला लागत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल जमिनीतच खोदलेल्या सुमारे ४२ सेंटिमीटर चौरस चुलीत निखारे असतात आणि पाहुणा उबेजवळ बसतो. उन्हाळ्याचा पेला उथळ व पसरट, चहा लवकर निवावा म्हणून. कडक थंडीचा पेला उभट व खोल. या विधीचे थोर आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांची आख्यायिका प्रसिद्ध आहे. चहाचे रहस्य विचारणाऱ्यास त्यांनी उन्हाळ्यात गारवा द्यावा, हिवाळ्यात ऊब द्यावी, अशा साध्याच गोष्टी सांगितल्या. हे तर कोणालाही कळते, असे तो म्हणाला. तेव्हा रिक्यू म्हणाले की, हे तुला करता आले तर मीच तुझा शिष्य होईन.

चहावाल्यांचे नववर्ष नोव्हेंबरात येते. वसंतात खुडलेली पाने मातीच्या बरणीत भरून तोंड बंद करतात, उन्हाळाभर थंड जागी ठेवतात आणि नोव्हेंबरात ती बरणी पाहुण्यांसमोर उघडतात. पाने दगडी जात्यावर दळून 'मात्चा' ही भुकटी होते. जाते इतके सावकाश फिरवावे लागते की तासाभरात सुमारे ४० ग्रॅमच भुकटी पडते. या भुकटीचा दाट चहा एकाच पेल्यातून सर्व पाहुणे आळीपाळीने पितात. ज्यांच्या वाडवडिलांना हॉटेलबाहेर वेगळ्या कपबशीत चहा मिळाला, त्या आपण या पेल्यापाशी थोडे थांबले पाहिजे. २०२० च्या साथीपासून अनेक ठिकाणी प्रत्येकास वेगळा पेला देऊ लागले. पण ते रोगाच्या भयाने, आणि तो वेगळा पेला सर्वांनाच.

रिक्यूंच्या चहाखोलीचे दार इतके बुटके की सरदारालाही तलवार बाहेर ठेवून, वाकून आत यावे लागे. १५८७ च्या शरदात सत्ताधीश हिदेयोशी यांनी क्योतोतील कितानो येथे मोठा चहामेळा भरविला. शेतकऱ्यानेही आपली किटली व पेला घेऊन यावे, अशी दवंडी होती. हे सांगताना दुसरी बाजू लपविणे बरे नव्हे. त्याच हिदेयोशींनी १५९१ मध्ये सैनिक, शेतकरी, व्यापारी यांना आपापला दर्जा सोडण्यास मनाई केली आणि त्याच वर्षी रिक्यूंना प्राणत्याग करावयास लावला. ज्यांना समाजाने अस्पृश्य मानले होते, त्यांचा तो दर्जा जपानमध्ये कायद्याने १८७१ साली रद्द झाला. खोलीतील समता खोलीबाहेर यावयास एवढा काळ लागला. कायद्यानंतरही तिची वाट सोपी नव्हती.

चहा खोलीबाहेर, रस्त्यावर आणणारा एक भिक्खूही होऊन गेला. बाइसाओ (१६७५–१७६३) म्हणजे 'चहा विकणारा म्हातारा'. वयाच्या साठीच्या सुमारास विहारातील मान सोडून ते क्योतोत चहा विकू लागले. वसंतात साकुराच्या बहराखाली, शरदात लाल झालेल्या मेपलच्या झाडांखाली. किंमत गिऱ्हाइकाने ठरवावी, काहीच न दिले तरी चालेल.

थंडी वाढली की 'होजिचा' निघतो. ही भाजलेली पत्ती. उकळते पाणी चालते, कॅफिन कमी, म्हणून मुलांना व वृद्धांना संध्याकाळीही देतात. 'गेन्माइचा' या मिश्रणात चहासोबत भाजलेला तांदूळ असतो. तो पिताना लाह्यांचा वास येतो.

वर्षाचा पहिला चहा क्योतोत 'ओबुकुचा' म्हणून पितात. त्याची कथा ९५१ सालच्या साथीची आहे. कूया नावाचे भिक्खू गावोगाव फिरत, बेवारस प्रेतांना अग्नी देत, विहिरी खणत. त्या साथीत त्यांनी आजाऱ्यांना चहा पाजला, असे सांगतात. त्यांनी स्थापिलेल्या रोकुहारामित्सु-जी विहारात नववर्षाच्या पहिल्या तीन दिवसांत येणाऱ्यांना आजही तो चहा देतात. पेल्यात एक खारवलेले उमे फळ आणि समुद्रशेवाळाची एक लहानशी गाठ असते.